तिकिटाच्या खिडकीतला जावई

आपलं गाव नीट बघायचं म्हटलं तर एक दिवस पुरायचा नाही, असं मास्तरांनी शनिवारी जेवताना जाहीर करून टाकलं. ते ऐकून त्यांच्या बायकोला ठसका लागला. पाणी पिऊन तिने पदराने डोळे पुसले आणि जावयाला आणखी भात वाढला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरेचं माप त्यांना तोंडपाठ होतं. एकुलती एक लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली तेव्हापासून त्यांचं घर शिवण उसवल्यासारखं झालं होतं. नवरा-बायकोत दिवसाकाठी दोनच विषय निघत. सकाळी पाणी आलं का, आणि दुपारी पाणी गेलं का. फोनवर लेक विचारायची, "जेवलात का?" हे म्हणायचे, "जेवलो." मग दोन्हीकडून कुणालाच काही सुचायचं नाही आणि फोन ठेवला जायचा.

अशात गावच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरची जागा निघाली, आणि जावई दातांचाच डॉक्टर होता. लेकीने त्याला महिनाभर घोळात घेऊन अर्धंमुर्धं तयार केलं. उरलेला अर्धा काही हलेना. तिथे नोकरी ठीक आहे, पण संध्याकाळी माणसाने करायचं काय, असं तो तिला म्हणाला. ते लेकीने आईला सांगितलं, आणि बाबांना सांगू नकोस असं बजावलं. आईने ते दोन दिवस पोटात ठेवलं, म्हणजे तिच्या मानाने खूपच झालं.

मास्तरांच्या हे काळजाला लागलं. संध्याकाळी करायचं काय म्हणजे काय? तळं आहे, बाग आहे, बागेत छोटी आगगाडी आहे, आणि जुन्या कचेरीत चक्क वस्तुसंग्रहालय आहे. त्या संग्रहालयात तर खुद्द मास्तरांच्या हातचं काम आहे. मोठमोठ्या शहरांत एवढं सगळं एका हाकेच्या अंतरावर मिळतं का? जावई रविवारपुरता आला आहे, त्याला एकदा फिरवून आणलं की गडी पाघळलाच म्हणून समजा.

लेक म्हणाली, "बाबा, ते दमून आलेत. त्यांना नुसतं बसू द्या."

"बसायला तिकडे जागा नाही का?" असं म्हणून मास्तरांनी विषय कापला.

जावई उंच, सडपातळ आणि कमालीचा अबोल होता. कशालाही तो "छान" म्हणायचा. भाजी छान, हवा छान, आणि बस वाटेत तीन तास बंद पडली होती तेही छान. त्यामुळे त्याच्या मनात काय चाललंय हे त्याच्या बायकोलाही उशिराच कळायचं. सासऱ्यांचा बेत ऐकून तो "छान" म्हणाला आणि झोपायला गेला.

रविवारी सकाळी सासरे-जावई निघाले. पहिला मुक्काम तळं.

मास्तर तळ्यावर बऱ्याच दिवसांत गेले नव्हते. गावातला माणूस गावातलं तळं बघायला कशाला जाईल? त्यांच्या डोळ्यांपुढे निळं पाणी होतं आणि हंसाच्या आकाराच्या, पायाने चालवायच्या होड्या होत्या. प्रत्यक्षात तळ्यावर इतकी जलपर्णी माजली होती की पाणी कुठे आहे हे विचारावं लागलं असतं. एकच हंस काठाला बांधलेला होता, त्याची मान मोडून तारेवर लोंबत होती. एक शेळी त्याच्या पाठीवर चढून निवांत काहीतरी चघळत होती. होडीवाला कुठे गेला हे सांगायलाही तिथे कुणी नव्हतं.

"पावसाळ्यानंतर हे बघावं," मास्तर म्हणाले.

"छान," जावई म्हणाला. मास्तरांना तो शब्द सुईसारखा टोचला.

बागेतली छोटी आगगाडी जागेवर होती, पण तिचं इंजिन दुरुस्तीला गेलं होतं. ते कधी गेलं होतं ते माळ्याला आठवत नव्हतं. तो नोकरीला लागला तेव्हाही गेलेलंच होतं म्हणे. डब्यांत त्याने मिरच्यांची रोपं लावली होती आणि ती मात्र जोमाने आली होती. दोघं बाकावर बसले. बाकाची एक फळी नव्हती, म्हणून जावई टोकाला बसला आणि मास्तर दुसऱ्या टोकाला. मधल्या भगदाडाकडे बघत मास्तरांना वाटलं, झालं. हे असंच राहणार. लेक तिकडे, आपण इकडे. मग एक दिवस गुडघे जातील, पुढे डोळे जातील, आणि फोनवर "जेवलात का" हे विचारणं तेवढं चालू राहील.

जावयाने घड्याळाकडे बघितलं. त्याने ते चोरून बघितलं, हे जास्त लागलं.

राहता राहिलं संग्रहालय. रविवारी ते बंद असतं हे मास्तरांना ठाऊक होतं, पण तिथला राखणदार त्यांच्या ओळखीचा होता. तो समोरच्याच खोलीत राहायचा. मास्तरांनी त्याला उठवलं, जावयाची ओळख करून दिली आणि पाच मिनिटांसाठी दार उघडायला लावलं. राखणदार कुरकुरला. आपली नोकरी आधीच एका धाग्यावर आहे, नगराध्यक्षबाईंना संग्रहालय म्हणजे पांढरा हत्ती वाटतो, कुणी बघितलं तर आपली धडगत नाही, असं बरंच काही तो बोलला. पण मास्तरांनी त्याची पॅंट कितीदा फुकट सैल करून दिली होती, त्यामुळे शेवटी किल्ली फिरलीच.

आत शिरल्यावर मास्तरांच्या जिवात जीव आला. जुनी मापं, कंदील, कुलपं आणि आग विझवायचा हातपंप होता, सगळ्यावर सारखी धूळ. आणि शेवटच्या दालनात गावचं पहिलं रेल्वेस्थानक उभं केलं होतं. लाकडी तिकीटघर, त्याला पितळी चौकटीची छोटी खिडकी, आणि खिडकीमागे गावचा पहिला स्टेशनमास्तर. पुतळा गवंड्याने केला होता, त्यामुळे त्याचे हातपाय भिंतीसारखे सरळ होते. पण अंगातला कोट मास्तरांचा होता. काळ्या जाड कापडाचा, उंच गळ्याचा, पितळी बटणांचा.

"हे काम बघा," मास्तर म्हणाले. "या गळ्याला आतून दुहेरी आकडा आहे. बाहेरून टाका दिसत नाही."

जावई खिडकीत वाकला. बघता बघता त्याने हात लांब करून कोटाची बाही दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "असा कोट मला हवाय."

"छान" नसलेलं हे त्याचं सकाळपासूनचं पहिलं वाक्य. मास्तरांचा ऊर भरून आला आणि त्यांची अक्कल नेमकी त्याच वेळी गुंग झाली. ते म्हणाले, घालूनच बघा. भिंतीवर पाटी होती, की वस्तूंना हात लावू नये. ती पाटी परक्यांसाठी असते असं मास्तरांनी स्वतःला समजावलं. दोघं तिकीटघरात शिरले. स्टेशनमास्तरचा कोट उतरवला, टोपी काढली, आणि नुसत्या लाकडाच्या सांगाड्यावर प्लॅस्टरचं डोकं असलेला तो बिचारा त्यांनी खिडकीखालच्या तिकिटांच्या गल्ल्याखाली आडवा केला. जावयाने कोट चढवला. तो असा बसला, की जणू मास्तरांनी तो शिवताना अजून न झालेल्या जावयाचंच माप घेतलं होतं. मास्तरांनी गळ्याचा आकडा लावला, टोपी ठेवली, दोन पावलं मागे सरून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आकडा निघेना.

दुहेरी आकडा होता, इतक्या वर्षांनी गंजला होता, आणि मास्तरांनी तो कधी न निघण्याच्याच हिशेबाने शिवला होता, कारण पुतळ्याला कोट कशाला काढावा लागतो? त्यांनी बोटांनी ओढून बघितलं, नखांनी बघितलं, शेवटी जावयाच्या मानेत तोंड घालून दातांनी बघितलं. जावई अवघडून म्हणाला, "बाबा, दात जपा."

एवढ्यात राखणदार धापा टाकत आत आला. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. नगराध्यक्षबाई आल्या होत्या. बरोबर दोन बाहेरचे पाहुणे होते, प्रवासी बस कुठल्या कुठल्या गावात थांबवायच्या हे ठरवणारे. बाई त्यांना आधी तळ्यावर नेऊन आल्या होत्या, त्यामुळे बाईंचा पारा चढलेला होता, आणि आता त्या दारात उभ्या होत्या.

"मास्तर, माझी नोकरी," एवढंच राखणदार म्हणाला आणि रडायच्या बेतात आला.

पुतळा कपड्याशिवाय गल्ल्याखाली पडलेला, कोट जावयाच्या अंगात अडकलेला, बाहेर जायचा रस्ता एकच आणि त्यातून पावलांचे आवाज येत होते. मास्तरांना दरदरून घाम फुटला. पण अबोल माणसं अशा वेळी विचार पटकन करतात. जावयाने टोपी नीट केली, हात सरळ केले, आणि खिडकीमागे ताठ उभं राहून नजर समोरच्या भिंतीवर लावली. मास्तर गुडघ्यांवर बसून गल्ल्याखाली शिरले. तिथे जागा एकाचीच होती, म्हणून ते त्या लाकडी सांगाड्याला मिठी मारून पडून राहिले.

तिथून त्यांना जावयाचे पाय तेवढे दिसत होते. वर गेल्या शतकातला कोट, खाली शहरातली फिकट पॅंट. सुदैवाने गल्ला कमरेइतका उंच होता.

नगराध्यक्षबाई पाहुण्यांना माहिती सांगत होत्या. त्या नेहमी डाव्या बाजूच्या अर्ध्या तोंडानेच बोलत. पद मिळाल्यापासून बाईंना पूर्ण तोंडाने बोलायला आपण कमी वाटतो, असं गावात म्हटलं जायचं, आणि खुद्द मास्तरही दुकानात ते म्हणत आले होते. पाहुणे खिडकीजवळ आले. एक जण म्हणाला, कोट फार सुरेख आहे. गल्ल्याखाली मास्तरांचं काळीज सुपाएवढं झालं. दुसरा म्हणाला, चेहरा किती हुबेहूब, कपाळावर घामसुद्धा दाखवलाय. मग त्याने खिडकीतून हात घालून स्टेशनमास्तरचा गाल दाबला. जावयाचा उजवा गुडघा थरथरायला लागला. मास्तरांनी तो खालून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

राखणदाराने प्रसंग ओळखून पाहुण्यांना हातपंप दाखवायला पलीकडच्या दालनात नेलं. मास्तरांनी श्वास सोडला. पण बाई खिडकीसमोरून हलेनात.

त्या एकट्या राहिल्या होत्या. आपल्याला कुणी बघत नाही असं वाटल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्या कण्हल्या. मग खिडकीच्या पितळी चौकटीवरची धूळ पुसून, तिच्यात आरशासारखं बघत त्यांनी तोंड आ करून उघडलं आणि बोट घालून त्या आतली दाढ चाचपायला लागल्या. त्यांचं उघडं तोंड जावयाच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं.

माणूस गाल दाबलेला सहन करू शकतो. पण शिंप्यासमोर कुणी उसवलेली बगल धरली, तर तो सुई शोधतोच. जावयाने नजर खाली केली आणि शांतपणे म्हणाला, "खालची, उजवीकडची शेवटची. बोट लावू नका. आजच काढावी लागेल."

बाईंनी पुतळ्याकडे बघितलं. पुतळ्याने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी, मास्तरांच्या आठवणीत पहिल्यांदाच, पूर्ण तोंड उघडून किंकाळी फोडली आणि मागे सरताना सामान तोलायच्या जुन्या काट्यावर धप्पकन बसल्या. काट्याचा दांडा वर उडाला, वर टांगलेली स्टेशनची घंटा त्याने वाजवली, आणि पाहुणे धावत आले. त्याच क्षणी जावई बाईंना सावरायला तिकीटघरातून बाहेर पडला, वर स्टेशनमास्तर आणि खाली जावई. आणि आता लपण्यात अर्थ नाही हे कळून मास्तर गल्ल्याखालून उठले. घाईत सांगाडा सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. उघड्या स्टेशनमास्तरला कवेत घेऊन ते सर्वांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार."

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. बाईंनी राखणदाराला जागच्या जागी घरी बसवलं. मास्तरांकडे त्यांनी नुसतं बघितलं. आणि घरी परतताना मास्तरांना आठवलं, की दवाखान्याच्या समितीवर त्याच अध्यक्ष आहेत.

जावई भर रस्त्यातून तोच कोट घालून चालला होता. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. घरी आल्यावर मास्तरांनी पातं घेऊन आपल्याच हातचा गळा उसवला. तो नीट उसवायला बराच वेळ लागला, इतका तो चांगला शिवला होता. बायको भांडी आपटत होती, हे वाईट लक्षण होतं. लेक आतल्या खोलीत बॅग भरत होती. मास्तर दुकानात जाऊन मशीनसमोर बसले. सुईत दोरा ओवायला गेले तर ओवला जाईना. दुपारी त्यांना जेवायला बोलवायलाही कुणी आलं नाही.

दिवस कलताना दारात नगरपालिकेची गाडी थांबली. मास्तरांनी मनाशी माफीचे शब्द जुळवले. बाई उतरल्या. त्यांचा उजवा गाल पुरीसारखा टम्म फुगला होता आणि ताठा पार उतरला होता. त्यांनी हाताच्या खुणेने विचारलं, तो कुठे आहे.

"बाई, चूक माझी आहे. तो गरीब मुलगा—"

"मास्तर," बाई कशाबशा म्हणाल्या, "नंतर."

दवाखान्याच्या किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या. दातांची खुर्ची सरकारकडून कधीचीच आली होती, पण तिच्यावरचं प्लॅस्टिकही कुणी काढलं नव्हतं. ते जावयाने काढलं. दाढ निघायला फार वेळ लागला नाही. बाई वर्षभर भीतीपोटी ती तोंडात घेऊन हिंडत होत्या आणि अर्ध्या तोंडाने गाव चालवत होत्या.

जावई परत आला तो वेगळाच माणूस होऊन. तो चक्क बोलत होता. शहरात तो दुसऱ्याच्या दवाखान्यात चौथा डॉक्टर होता, मोठे डॉक्टर उठले की त्याला खुर्ची मिळायची. इथे अख्खी खुर्ची कोरी पडली होती, आणि अंगणात पाच-सहा माणसं गाल धरून उभी होती. बाईंची दाढ निघाल्याची बातमी तेवढ्यात गावभर झाली होती. लेकीने भरलेली बॅग पुन्हा उघडली. मास्तर मोरीत गेले, तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभे राहिले, आणि डोळे लाल का झालेत असं बायकोने विचारल्यावर साबण गेला म्हणाले.

लेक-जावई महिन्याभरात गावात राहायला आले. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ते दोन पाहुणे होते ना.

त्यांना वाटलं होतं, तो सगळा प्रकार म्हणजे संग्रहालयाचा मुद्दाम बसवलेला खेळ होता. पुतळा अचानक बोलतो, खालून दुसरा माणूस निघतो, नगराध्यक्ष स्वतः त्यात काम करतात. असं त्यांनी दुसरीकडे कुठेच बघितलं नव्हतं. प्रवासी बस दर रविवारी या गावात थांबेल असं त्यांनी कळवलं, अट एकच, जिवंत स्टेशनमास्तर चालू राहिला पाहिजे. बाईंनी राखणदाराला कामावर परत घेतलं, पण त्यालाही तीच अट घातली. त्याला स्वतःला दमा, एक मिनिट खोकल्याशिवाय उभं राहता येत नाही. जावयाला तर उसंत मिळते ती रविवारीच, ती मोडायची कशी? मग राखणदार मास्तरांच्या दुकानात येऊन ठाण मांडून बसला. मास्तरांनी कोट स्वतःच्या मापाने बाजूंनी सैल केला.

आता लेक-जावयाला एकत्र फुरसत असते तो रविवारच. ती आणि जावई सकाळी येतात, आईशी पोटभर गप्पा मारतात, जेवतात आणि मास्तर परतायच्या आत आपल्या घरी जाऊन झोपतात. मास्तर तेव्हा तिकिटाच्या खिडकीत उभे असतात. बोलायचं कधी ते त्यांच्यावर सोडलंय, पण त्यांना अजून एकदाही काही सुचलेलं नाही. मागच्या रविवारी बसमधून उतरलेल्या एक आजीबाई खिडकीजवळ आल्या, चष्मा पुसून त्यांनी मास्तरांना वरपासून कमरेपर्यंत न्याहाळलं आणि मागे उभ्या असलेल्या नातसुनेला म्हणाल्या, "कोट झकास शिवलाय गं. पण आतला पुतळा काही जमला नाही. चेहऱ्यावर बघ, जीव म्हणून नाही."